हिरड्याचा एक लॉट आणि टॅनिनचे दोन आकडे

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा हिरडा. साधारण नऊ क्विंटल भरड, बावीस पोती. खरेदीदार म्हणजे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला चूर्ण आणि अर्क तयार करणारा एक छोटा कारखाना. करारात दर आणि वजन लिहिलेलं होतं. गुणवत्तेबद्दल मात्र एकच ओळ होती: ‘टॅनिन (फळातलं तुरट द्रव्य) किमान ३० टक्के’. माल पाठवण्याआधी, मे महिन्यात, गटाने एका खासगी प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला. अहवाल आला ३३.८ टक्के. जूनच्या शेवटी माल वडसा, नागभीड, उमरेड मार्गे कारखान्यात पोहोचला. कारखान्याने आपल्या नेहमीच्या प्रयोगशाळेकडे नमुना दिला आणि तिथून आकडा आला २१.२. कारखान्याने कळवलं की माल नापास आहे, घ्यायचाच तर निम्म्या दराने.

मी नागपुरातल्या एका फार्मसी महाविद्यालयात फार्माकॉग्नोसी, म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांचं शास्त्र, शिकवतो. फेरतपासणी आमच्या प्रयोगशाळेत व्हावी यावर दोन्ही बाजू तयार झाल्या. त्यांच्याच संमतीने, नावं न देता, हे प्रकरण इथे मांडतो आहे. औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीत हा वाद पुन्हा पुन्हा होतो आणि दर वेळी त्याची किंमत जंगलातून माल गोळा करणारा माणूस मोजतो.

गटाच्या अध्यक्ष बाई आणि कारखान्याचे मालक एकाच वेळी भेटायला आले. दोन्ही कागद टेबलावर ठेवून बाई म्हणाल्या, “सर, माल तर एकच आहे जी. एका कागदावर पास अन् दुसऱ्यावर नापास, असं कसं होते?” मालक म्हणाले, “ताई, तुमच्यावर माझा संशय नाही. पण अर्कात टॅनिन कमी निघालं तर माझी पूर्ण बॅच परत येते.” दोघांचंही म्हणणं खरं होतं.

अहवालांत काय लिहिलं नव्हतं

दोन्ही अहवाल एकेका पानाचे. टॅनिनसमोर आकडा, खाली सही-शिक्का. कोणत्या पद्धतीने मोजलं, कोणत्या प्रमाण द्रव्याशी तुलना केली, कोरड्या वजनावर की आलेल्या मालावर, फळाचा कोणता भाग दळला, यातलं काहीही दोन्हींत नव्हतं. विचारल्यावर दोन्ही प्रयोगशाळांनी नोंदवहीची पानं आणि राखून ठेवलेले नमुने लगेच दिले. हे राखीव नमुने मिळाले नसते तर पुढचा उलगडा झालाच नसता.

पहिल्या प्रयोगशाळेने फोलिन-सिओकाल्टू पद्धत वापरली होती. अर्कात हा पिवळसर अभिकारक घालायचा, सोडियम कार्बोनेटने द्रावण अल्कधर्मी करायचं आणि जो निळा रंग येतो तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ७६० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. टॅनिक आम्लाच्या ज्ञात द्रावणांचा आलेख आधी काढलेला असतो, त्यावरून उत्तर वाचायचं. त्यांनी ते कोरड्या वजनावर मांडलं होतं. दुसऱ्या प्रयोगशाळेने परमँगनेटचं अनुमापन केलं होतं, म्हणजे रंग बदलेपर्यंत किती परमँगनेट लागतं ते मोजलं होतं, आणि उत्तर आलेल्या मालाच्या वजनावर, म्हणजे ओलाव्यासकट, दिलं होतं.

माझ्या मते हाताच्या कामात दोन्हीकडे खोट नव्हती. दोघांनी वेगवेगळ्या ढिगांतून, वेगवेगळ्या गोष्टी, वेगवेगळ्या वजनावर मोजल्या आणि दोन्ही उत्तरं एकाच नावाने छापली.

निळा रंग नेमका कशाचा?

फोलिन आणि डेनिस यांनी या अभिकारकाचं पहिलं रूप १९१२मध्ये मांडलं. १९२७मध्ये फोलिन आणि सिओकाल्टू यांनी त्यात सुधारणा केली, तीही प्रथिनांमधली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं मोजण्यासाठी. सिंगलटन आणि रॉसी यांनी १९६५मध्ये ही पद्धत वाइनमधल्या फिनॉलसाठी (टॅनिन ज्या संयुगांच्या गटात येतं तो गट) नीट बसवून दिली आणि तिथून ती वनस्पतींच्या प्रत्येक प्रयोगशाळेत पोहोचली. हा इतिहास सांगण्याचं कारण असं की ही पद्धत टॅनिन ओळखतच नाही. अभिकारकातल्या मॉलिब्डेनम आणि टंगस्टनला जो कोणी इलेक्ट्रॉन देईल त्याच्यामुळे द्रावण निळं होतं. टॅनिन देतं, सुटं गॅलिक आम्ल देतं, क जीवनसत्त्व देतं, काही प्रथिनं आणि काही शर्कराही थोड्याफार देतात. म्हणून आवळा किंवा त्रिफळा यांचा फोलिनचा आकडा ‘टॅनिन’ म्हणून छापलेला दिसला की मला त्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही.

मग टॅनिन कशाला म्हणायचं? बेट-स्मिथ आणि स्वेन यांनी १९६२मध्ये दिलेली व्याख्या अजूनही कामाची आहे: पाण्यात विरघळणारी, ५०० ते ३००० रेणुभाराची फिनॉलं, जी जिलेटिन आणि इतर प्रथिनांना धरून खाली बसवतात. प्रथिनाला धरणं हाच त्यांचा गुण. हिरडा चावल्यावर तोंड आवळतं ते लाळेतली प्रथिनं अशीच बांधली गेल्यामुळे. कातडं कमावण्यासाठी हिरडा शतकानुशतकं वापरला गेला तोही याच गुणासाठी.

हिरड्याच्या गरात चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्लं भरपूर असतात. त्यांचे रेणुभार साधारण ९५७ आणि ९५५, म्हणजे ती व्याख्येत सरळ बसतात. पण ती फुटली की त्यांतून गॅलिक आम्ल सुटतं आणि त्याचा रेणुभार अवघा १७०. हे सुटं गॅलिक आम्ल उपयोगी रसायन आहे, पण टॅनिन नव्हे. ते प्रथिनाला तसं धरत नाही. फोलिनचा अभिकारक मात्र दोघांमुळेही निळा होतो. पहिल्या अहवालातला ३३.८ हा आकडा एकूण फिनॉलचा होता.

पोत्यांपासून सुरुवात

रसायनाकडे वळण्याआधी आम्ही कारखान्याच्या गोदामात गेलो, कारण मला पहिली शंका नमुन्याचीच होती. पन्नास ग्रॅमची पुडी नऊ क्विंटलच्या वतीने बोलणार असेल तर ती कुठून उचलली याला फार महत्त्व आहे.

कारखान्याच्या माणसाने नमुना कसा घेतला ते करून दाखवलं. दाराजवळचं एक पोतं उघडलं, वरून दोन मुठी पिशवीत. हिरड्याच्या भरडीत दोन गोष्टी असतात, गराचे ठिसूळ तुकडे व भुकटी आणि बियांचे टणक तुकडे. रस्त्यावर ट्रक हादरत आला की बारीक भुकटी झिरपत तळाशी जाते आणि मोठे टणक तुकडे वर येतात. दोन मुठी वरून घेतल्यावर हातात बीच जास्त येणार. गटाचा नमुना याच्या उलट होता. तो पोती भरायच्या आधीचा, पहिल्या कांडपाचा, आणि बायांनी तो निवडून-पाखडून पाठवला होता. मोठ्या शहरात तपासायला जाणारी वस्तू कोणीही जरा नीटनेटकी करूनच पाठवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पद्धतीत सहा ते पन्नास पोत्यांचा लॉट असेल तर पाच पोत्यांतून, आणि प्रत्येकातून वरचा, मधला व तळाचा असे भाग घ्यायला सांगितलं आहे. आम्ही तसंच केलं. पाच पोती वेगवेगळ्या थरांतली निवडली, पोखरणीने तिन्ही खोलींवरून माल काढला, ताडपत्रीवर एकत्र केला, ढीग चपटा करून चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले आणि हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच करत गेलो.

नंतर पांढऱ्या ट्रेवर शंभर ग्रॅम पसरून चिमट्याने बियांचे तुकडे वेगळे केले. हे काम विद्यार्थिनींनी अर्धा दिवस बसून केलं. गराचा तुकडा तपकिरी, सुरकुतलेला, नखाने दाबला तर चुरा होणारा. बीचा फिकट, काष्ठासारखा, चिमट्यात टक्क वाजणारा. पुढे वजनं केली. पूर्ण लॉटच्या नमुन्यात बी १० टक्के, गटाच्या राखीव नमुन्यात ६ टक्के, कारखान्याच्या राखीव नमुन्यात १६ टक्के. बियांचे तुकडे वेगळे दळून तपासले. त्यांतलं टॅनिन गराच्या तुलनेत इतकं थोडं निघालं की पुढच्या हिशोबात मी ते शून्य धरलं आहे.

आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांची प्रमाणकं देणाऱ्या अधिकृत ग्रंथात, ‘हरीतकी’ म्हणजे पक्व फळाचं फलावरण (बीभोवतीचा गर), बी नव्हे. आणि परकीय पदार्थांची मर्यादा आहे १ टक्का. टॅनिनच्या आकड्यावर एवढा वाद झाला, पण या सोप्या कसोटीकडे कोणीच पाहिलं नव्हतं. ती पाहायला ना यंत्र लागतं ना अभिकारक. चिमटा, ट्रे आणि तराजू बस.

टॅनिन धरून बाजूला काढणं

आता खरं मोजमाप. बी काढलेला गर दळून, १०५ अंशांवर ओलावा वेगळा मोजून, आम्ही युरोपीय फार्माकोपियातली हाइड पावडरची पद्धत घेतली. तिचा विचार फार सुंदर आहे. गरम पाण्यात अर्क काढायचा, गाळायचा. त्यातल्या एका भागाचा फोलिन पद्धतीने रंग मोजायचा. हे झालं एकूण पॉलिफिनॉल, म्हणजे वर ज्याला एकूण फिनॉल म्हटलं तेच. दुसऱ्या दहा मिलिलिटर भागात कातड्यापासून तयार केलेली ०.१ ग्रॅम भुकटी, म्हणजेच हाइड पावडर, घालून तासभर जोराने हलवत ठेवायचं. कातड्यातलं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं. मग गाळून, उरलेल्या द्रावाचा तसाच रंग मोजायचा. हा रंग टॅनिन नसलेल्या फिनॉलचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की कातड्याने जे धरलं तेवढंच उरतं.

मूळ पद्धतीत उत्तर पायरोगॅलॉल या प्रमाण द्रव्याच्या हिशोबाने मांडतात. आम्ही पहिल्या अहवालाशी तुलना करता यावी म्हणून टॅनिक आम्लाच्या आलेखावर मांडलं. हाइड पावडर महाग पडते आणि सहज मिळत नाही, हे खरं आहे. चाऱ्यातलं टॅनिन मोजणाऱ्यांनी रूढ केलेला पर्याय म्हणजे पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन. नाव लांबलचक असलं तरी ही पांढरी, पाण्यात न विरघळणारी भुकटी स्वस्त आहे आणि तीही टॅनिनला धरते. छोट्या प्रयोगशाळांनी रोजच्या कामासाठी ती ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन. फक्त अहवालात तसं लिहावं.

काही गोष्टी हातावर ठरतात. अर्क उजेडात उघडा ठेवायचा नाही. सुरुवातीला गाळून आलेला द्राव टाकून द्यायचा, कारण कोरडा फिल्टर पेपर सुरुवातीला टॅनिन शोषतो. अर्कासाठी लोखंडी भांडं चुकूनही घ्यायचं नाही. लोह आणि टॅनिन भेटले की निळंकाळं संयुग तयार होतं आणि मोजायचं तेच हातचं जातं. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात, प्रयोगशाळेचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, फोलिनचा रंग लवकर चढतो आणि लवकर उतरू लागतो. म्हणून प्रमाण द्रावणं आणि नमुने एकाच खेपेत, एकाच घड्याळावर मोजायचे. सकाळचा आलेख घेऊन दुपारचे नमुने वाचणं मला मान्य नाही.

स्वच्छ गराचं उत्तर, कोरड्या वजनावर, असं आलं: एकूण पॉलिफिनॉल ३६.० टक्के, हाइड पावडरने न धरलेलं ७.५, म्हणजे टॅनिन २८.५ टक्के.

परमँगनेटचा गुणक

दुसऱ्या प्रयोगशाळेची पद्धत एकोणिसाव्या शतकातली, लोवेंथालच्या नावाने ओळखली जाणारी. अर्कात इंडिगो कार्माइन हा निळा रंग घालून भरपूर पाण्यात पातळ करायचं आणि ब्यूरेटमधून परमँगनेट सोडत जायचं. निळा रंग हिरवटत हिरवटत सोनेरी पिवळा झाला की थांबायचं. मग दुसऱ्या भागातून जिलेटिन आणि मीठ घालून टॅनिन खाली बसवायचं, गाळायचं आणि पुन्हा अनुमापन. दोन्हींतला फरक टॅनिनचा. म्हणजे वजाबाकीचा विचार इथेही आहे. कित्येक ठिकाणी वेळ वाचवायला दुसरी पायरी गाळतात. या प्रयोगशाळेने ती केली होती, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

खरा घोळ होऊ शकतो तो पुढे, मिलिलिटरचे ग्रॅम करताना. जुन्या पद्धतींच्या पुस्तकांत दोन गुणक सापडतात. ०.१ नॉर्मल तीव्रतेच्या परमँगनेटच्या एका मिलिलिटरला ०.००४१५७ ग्रॅम, हा गॅलोटॅनिनसाठी, आणि ०.००६२३५ ग्रॅम, हा ओकच्या सालीतल्या टॅनिनसाठी, जो लवंगेसारख्या मसाल्यांच्या पद्धतीत वापरतात. दुसरा पहिल्याच्या बरोबर दीडपट आहे. या प्रयोगशाळेने पहिला घेतला होता आणि हिरड्यासाठी तोच जवळचा. पण त्यांनी दुसरा घेतला असता तर त्याच ब्यूरेटच्या त्याच वाचनावरून २१.२ ऐवजी ३१.८ टक्के निघाले असते. माल पास झाला असता. गुणक कोणता घेतला हे अहवालात लिहिलंच नव्हतं, त्यामुळे दोन्ही उत्तरं कागदावर सारखीच अधिकृत दिसली असती.

हे मालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं ज्याच्यावर माल घेतला-सोडला, तो आकडा कोणत्या गुणकाचा होता, हे मी कधी विचारलंच नाही.”

हिशोब

आता ३३.८ पासून २१.२ पर्यंत पायरी पायरीने उतरता येतं.

स्वच्छ गरात एकूण पॉलिफिनॉल ३६.०. गटाच्या नमुन्यात ६ टक्के बी, म्हणून ३६.० चे ९४ टक्के म्हणजे ३३.८. पहिला अहवाल जुळला. त्याच नमुन्यात एकूण फिनॉलऐवजी फक्त टॅनिन मोजलं तर २८.५ चे ९४ टक्के, म्हणजे २६.८. सात टक्क्यांची घसरण केवळ पद्धत बदलल्याने झाली. नमुना कारखान्याचा घेतला, म्हणजे बी ६ वरून १६ टक्क्यांवर गेली, तर २३.९. आणि हे कोरड्या वजनावरून आलेल्या वजनावर आणलं तर? कारखान्याच्या सीलबंद राखीव नमुन्यात ओलावा ११.५ टक्के होता. २३.९ चे ८८.५ टक्के म्हणजे २१.२. दुसरा अहवालही जुळला. त्याच नमुन्यावर परमँगनेटचं अनुमापन आम्हीही करून पाहिलं, उत्तर एकविसाच्या आसपासच आलं.

साडेबारा टक्क्यांच्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग पद्धतीचा, उरलेला जवळपास सारखा वाटलेला, बियांचा आणि पाण्याचा. मे महिन्यात पहिल्या प्रयोगशाळेने नोंदवलेला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास होता. पाऊस लागल्यावर ज्यूटच्या पोत्यातल्या मालाने हवेतलं पाणी घेतलं. यात कोणाचा दोष काढायचा?

आणि करारातली ‘३० टक्के’ ही अट? पूर्ण लॉटवर ती लावली तर १० टक्के बी धरून एकूण पॉलिफिनॉल ३२.४ आणि खरं टॅनिन २५.७. म्हणजे माल एका अर्थाने पास, दुसऱ्या अर्थाने नापास. तीस हा आकडा आला कुठून, असं विचारल्यावर मालक म्हणाले की हिरड्यात तीस-पस्तीस टक्के टॅनिन असतं असं सगळीकडेच लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे खरं. पण ते कोणत्या पद्धतीने, हे तिथेही क्वचितच लिहिलेलं असतं.

भिंतीलगतचं पोतं

गोदामात पोती हाताळताना एका पोत्याचा कुबट वास आला. ते भिंतीलगत ठेवलेलं होतं आणि तिथे पावसाची ओल होती. उघडल्यावर तुकड्यांवर करडी बुरशी दिसली. हे पोतं आम्ही लॉटच्या नमुन्यात घेतलं नाही, पण त्यातला गर वेगळा तपासला, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच हाती लागली.

एकूण पॉलिफिनॉल आलं ३५.१. चांगल्या मालाच्या ३६.० च्या अगदी शेजारी. फक्त फोलिनवर विसंबलं असतं तर हे पोतं बिनधास्त पास झालं असतं. पण हाइड पावडरने न धरलेला भाग ७.५ वरून १४.६ वर गेला होता आणि टॅनिन २०.५ वर उतरलं होतं. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम गटातल्या कित्येक बुरश्या टॅनेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतात. ते टॅनिनमधले गॅलिक आम्लाचे दुवे तोडतं. फिनॉल जागेवरच राहतं, निळा रंगही राहतो, पण प्रथिनाला धरण्याची ताकद जाते. शिवाय बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची भीती येतेच. असा माल टॅनिन कितीही असो, औषधात जाता कामा नये.

म्हणून एकच आकडा मागणाऱ्या खरेदीदारांना माझं सांगणं आहे की दोन मागा: एकूण, आणि न धरलेला. दोघांचं गुणोत्तर मालाच्या साठवणुकीबद्दल बरंच काही सांगतं. ज्यांच्याकडे एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे त्यांनी चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक आणि गॅलिक आम्लाची शिखरं वेगवेगळी मोजावीत. त्यात हा बदल डोळ्यांना दिसतो. पहिली दोन लहान होतात, गॅलिकचं वाढतं. पण प्रत्येक छोट्या लॉटला ते परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते.

तोडगा

आमचं मत आम्ही दोघांसमोर एकाच बैठकीत मांडलं. माल नाकारायचाच असेल तर टॅनिनवरून नाही, बियांवरून नाकारता येतो. पाण्यात विरघळणाऱ्या अर्कांशाची फार्माकोपियातली किमान मर्यादा ६० टक्के आहे. स्वच्छ गराने ६६ दिला, लॉटने ५९. दोन्हींतला फरक बियांचाच. आणि बी हा दोष चाळणीने आणि हाताने दूर होतो. दर निम्मा करण्याचं ते कारण नाही.

बाई लगेच म्हणाल्या, “निवडून देतो ना जी. आधीच सांगितलं असतं तर तिकडेच निवडलं असतं.” गटातल्या काही बाया येऊन कारखान्याच्या शेडमध्येच माल चाळून, निवडून देऊन गेल्या. कारखान्याने त्यांच्या मजुरीचा अर्धा वाटा उचलला. बी गेल्याने वजन घटलं, कुबट पोतं बाद झालं. त्याचं नुकसान गोदाम कारखान्याचं म्हणून कारखान्याने सोसलं. उरलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या दराने मिळाले. गटाला वजनातली घट सोसावी लागली आणि ती त्यांना टोचली, हेही नोंदवायला हवं. कराराच्या वेळी ‘बी काढलेला’ हा एक शब्द लिहिला असता तर त्या बियांचं भाडं कुरखेड्याहून नागपूरपर्यंत कोणी भरलं नसतं.

पुढच्या हंगामाचा करार आम्ही तिथेच लिहून काढायला मदत केली. हिरडादळ (बी काढलेला गर), बी १ टक्क्याच्या आत. ओलावा १० टक्क्यांच्या आत, पोहोचल्यावर मोजलेला. टॅनिन हाइड पावडर किंवा पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन वजाबाकीने, टॅनिक आम्लाच्या तुलनेत, कोरड्या वजनावर, किमान २५ टक्के. न धरलेला भाग वेगळा लिहायचा. नमुना दोघांच्या माणसांसमक्ष, तीन खोलींवरून, तीन पुड्या सीलबंद: एक गटाकडे, एक कारखान्याकडे, एक वादासाठी राखीव. तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा. हा शेवटचा मुद्दा बाईंनी मांडला आणि तो योग्यच होता. आत्तापर्यंत पहिल्या तपासणीचे पैसे गटाच्या खात्यातून जात आणि मान मात्र दुसऱ्याच कागदाला मिळे.

एक गाठ अजून सुटायची आहे. कारखान्याचा अर्क घेणाऱ्या परदेशी ग्राहकाच्या पत्रात टॅनिन पायरोगॅलॉलच्या हिशोबात मागितलं आहे. पायरोगॅलॉलचा रेणुभार १२६, गॅलिक आम्लाचा १७०, आणि फोलिनमध्ये दोघांचा एकेक रेणू जवळपास सारखाच रंग देतो. म्हणजे गॅलिक आम्लाच्या हिशोबातला ४०चा आकडा पायरोगॅलॉलच्या हिशोबात ३०च्या आसपास येतो, माल तोच असताना. टॅनिक आम्लासाठी असं सरळ गणित चालत नाही, कारण बाजारात मिळणारं टॅनिक आम्ल हे एकच संयुग नसून मिश्रण असतं आणि ते ज्यापासून काढतात ते मायफळ कुठलं यावर ते बदलतं. त्यामुळे प्रत्येक बाटलीसाठी पायरोगॅलॉलशी तुलना प्रत्यक्ष करून घ्यावी लागेल. ग्राहकाला किमान आकडा नेमका कोणत्या फार्माकोपियाच्या पद्धतीने हवा आहे, असं कारखान्याने लेखी विचारलं आहे. उत्तर आल्यावर त्यांच्या बाटलीवर आणि आमच्या बाटलीवर, दोन्हींवर, आलेख काढायचा असं ठरलं आहे.